मामांची ठिगळं

दान करताना माणूस थोडा तरी मिरवतोच. माझे मामेसासरे मात्र दान असं करतात की बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ चोरीचा माल खपवतोय. माझी लेक ठाकुर्लीच्या ज्या मराठी शाळेत जाते, तिथे गरीब घरची बरीच मुलं आहेत. त्यांना मामा दरवर्षी दप्तर, वह्या, छत्री देतात. समारंभ नाही, फोटो नाही. बाईंच्या घरी गुपचूप पोचवायचं आणि बाईंनी ते आईबापांच्या हातात द्यायचं. का, तर मामा स्वतः कुठल्याशा ट्रस्टच्या दप्तरावर शिकले. "वर्गात मला नावाने कोणी हाक मारली नाही गं, सगळे फुकट्याच म्हणायचे," हे त्यांनी मला एकदाच सांगितलेलं, तेही गवार मोडता मोडता. मामी गेल्यापासून ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकटेच असतात आणि जेवायला आमच्याकडे येतात, त्यामुळे त्यांचा सगळा कारभार मला जवळून बघावा लागतो.

बरं, द्यायचं तर द्या ना सरळ! पण नाही. प्रत्येक वस्तू आधी स्वतः वापरून बघणार. दप्तरात बटाटे भरून, ते पाठीला लावून, हा सत्तरी ओलांडलेला माणूस भर बाजारातून फिरतो. "काय आजोबा, कितवीत?" असं भाजीवाल्याने विचारलं, तर ह्यांनी अगदी गंभीरपणे "दुसरीत" म्हणून सांगितलं. छत्री गळते का ते बघायला शॉवरखाली स्टूल टाकून, अंगात पूर्ण कपडे, डोक्यावर छत्री, असे पेपर वाचत बसतात. एकदा वासाचं खोडरबर चावून पाहिलं आणि म्हणाले, "स्ट्रॉबेरी आहे. पोरं खाणार. परत कर." दुकानदार म्हणाला, ह्यावर दात उमटलेत, मी घेत नाही. मी काय बोलणार, कप्पाळ! ह्या माणसाचं काय करावं हे मला लग्न झाल्यापासून कळलेलं नाही.

पूर्वी ऑफिसातले मित्र हातभार लावायचे. ते एकेक करून कमी झाले, आणि यंदा मामांना गावातल्या एका शेटकडे जावं लागलं. शेटने दप्तरं झटक्यात दिली, पण प्रत्येकावर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली हे मोठं नाव. मामांनी हळूच विषय काढला, तर शेट म्हणाले, "मामा, नाव नाय टाकला तं लोकांना कलनार कसा?" ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. ढिगाचं पुढे काय होतं ह्यात त्यांना रस नव्हता.

मामांनी मग थिनर आणून तो चेहरा पुसायला घेतला. सगळं गेलं, मिशी तेवढी राहिली, आणि नुसती मिशी तर फारच भयंकर दिसायला लागली. शेवटी त्यांनी मामींचं शिलाई मशीन काढलं. मामींच्या जुन्या साड्या, स्वतःच्या पँटी, मला न विचारता माझा एक पडदा, असं फाडून प्रत्येक फोटोवर छान ठिगळ लावलं. कंबर धरली, पण स्वारी खूश होती.

शाळा सुरू झाली. रात्री जेवताना माझी लेक सहज म्हणाली, "आई, आमच्या वर्गात ना, ज्यांच्या दप्तराला ठिगळ ते फुकटवाले." मामांचा घास हातातच राहिला. "म्हणजे मीच केलं की गं," एवढंच पुटपुटले आणि ताटावरून उठले. मला फार वाईट वाटलं, पण ह्यावर काय करायचं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी बघते तर लेकीच्या कोऱ्या दप्तरावर, अगदी मधोमध, हिरव्या साडीचं ठिगळ! तिने भोकाड पसरलं. मला वाटलं, म्हाताऱ्याने पोरीवर राग काढला. "मामा, अहो नवं दप्तर होतं!" तर म्हणे, "बाटलीसाठी कप्पा केलाय." मग वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला कप्पा, समोरच्या बिल्डिंगमधल्या जुळ्यांना कप्पा. शाळेच्या फाटकाशी उभं राहून दिसेल त्या आईला विचारायला लागले, "कप्पा शिवून देऊ का? पैसे नाहीत हो!" आता फुकटचा कप्पा आपल्याकडे कोण सोडतंय! त्यांच्या दाराशी रांग लागली. आमचे हे म्हणाले, मामांना डॉक्टरकडे न्यायला हवं. मीही मान हलवली.

त्याच आठवड्यात मी लेकीला आणायला गेलेले, तर फाटकाशी मामा. शाळा सुटली आणि पोरांचा लोंढा बाहेर पडला. सगळ्यांचा गणवेश एकच, आणि जिकडे बघावं तिकडे पाठीवर ठिगळं. मामा चष्मा वरखाली करत एकेक पाठ न्याहाळत होते.

"ह्यातली आपली पोरं कुठली गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नीट बघितलं, मनापासून शोधलं.

"नाही हो ओळखू येत, मामा."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं. तेवढ्यात मागून कोणीतरी माझी ओढणी ओढली. माझीच लेक होती. माझ्या समोरून गेली होती म्हणे, आणि मी तिलाही ओळखलं नव्हतं.