आतून लावलेलं कुलूप

कुलूपवाल्याचा एकच हट्ट होता. ज्याचं कुलूप त्यानं समोर येऊन सांगितल्याशिवाय ते उघडायचं नाही. सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा त्यानं भाड्याची पावती दाखवेपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. स्वतःची किल्ली हरवली तर हा आरशातल्या माणसाकडे ओळखपत्र मागेल, असं गल्लीतले लोक म्हणत. तो हसायचा, पण ऐकायचा नाही. बायको शेजारी बसून कानशीनं किल्ल्या घासायची. एकोणीस वर्षांत तिचाही हात त्याच्याइतकाच तयार झाला होता.

दुकानावरच्या खोलीत एक शिवणकाम करणारी बाई एकटीच राहायला आली. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन पळालेली. तिच्या लोखंडी दाराला कुलूप यानंच बसवलं. "आतून लावलंत की बाहेरून कोणाच्या बापाला उघडणार नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून खरं ते बोलला, "मला येईल. पण तुम्ही सांगितल्याशिवाय नाही."

महिनाभरानं भर दुपारी तिचा नवरा दोन भावांना घेऊन आला. लाथा मारमारून दार हललं नाही, तेव्हा तिघं खाली दुकानात उतरले.

"बायको आहे माझी. उघड."

"त्यांना सांगू दे," कुलूपवाला म्हणाला.

पुढचं बोलणं झालं नाही. थोरल्या भावानं त्याचं तोंड काउंटरवर आपटलं. दोन दात तिथंच पडले. नवऱ्यानं त्याचा उजवा हात किल्ल्या आवळून धरायच्या शेगड्याच्या लोखंडावर दाबून धरला आणि त्याचाच हातोडा उचलला. पहिलं बोट. मग दुसरं. बाहेर शटर खाली ओढल्याचे आवाज येत होते. कोणीतरी चौकीला फोन केला होता, पण गाडीचा पत्ता नव्हता.

"अहो, उघडा ना," बायको रडत म्हणाली. "तुमच्या पाया पडते."

त्यानं नकारार्थी मान हलवली. तिसरं बोट, मग चौथं. बोटांची शुद्ध राहिली नव्हती, कानांची होती. "आता डोकं," नवरा म्हणाला आणि त्यानं हातोडा वर नेला.

"थांबा," बायको म्हणाली. "मला येतं."

तिनं खणातून वाकड्या तारा काढल्या. तो रक्तानं भरलेल्या तोंडानं "जाऊ नकोस, जाऊ नकोस" म्हणत राहिला. तिनं वळून पाहिलं नाही. जमिनीवर पडल्या पडल्या त्याला वर खीळ सरकल्याचा आवाज आला. तसा आवाज त्यानं आयुष्यात हजारदा ऐकला असेल. मग दारामागे लावलेलं शिलाईमशीन आडवं झालं, आणि बाई ओरडली. फार वेळ नाही. तिच्याच कात्रीनं तिला सात ठिकाणी भोसकलं होतं.

तेवढ्यात चौकीची गाडी आली आणि तिघंही जिन्यावरच पकडले गेले. जबाब घेताना हवालदार बायकोला म्हणाला, "दार त्यांनी फोडलं, असंच लिहू. तुम्ही कशाला यात पडता?"

"कुलूप मी उघडलं," ती म्हणाली. "तसंच लिहा."

कोर्टातही तिनं तेच सांगितलं. आरोपींच्या वकिलानं तिला उभं-आडवं घेतलं. "पुन्हा तशी वेळ आली तर उघडाल?"

तिनं मागं वळून पाहिलं. मागच्या बाकावर कुलूपवाला मोडका हात मांडीवर घेऊन बसला होता.

"हो," ती म्हणाली.

तिघांना जन्मठेप झाली. घरी ते दोघं कामापुरतंच बोलत. त्याचा हात वाकडाच जुळला, जबडाही धड मिटेना. ती भाकरी दुधात कुस्करून त्याला भरवायची. एका दुपारी त्यानं तोंड फिरवलं.

"तिनं विश्वासानं लावलं होतं गं ते. माझ्या शब्दावर."

"माहीत आहे."

"मी मेलो असतो तर चाललं असतं."

"तुम्हाला चाललं असतं."

तो खिडकीकडे बघत राहिला. "तुला मी कधीच माफ करणार नाही."

"नका करू," ती म्हणाली. "पण जिवंत राहून नका करू." आणि तिनं पुढचा घास त्याच्या तोंडासमोर धरला.

त्यानं लगेच तोंड उघडलं नाही. तिचा हात अवघडला, तरी तिनं तो खाली घेतला नाही. शेवटी त्यानं घास घेतला आणि दुखऱ्या जबड्यानं सावकाश चावत राहिला.