इथं झालं, आता तिथं

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळपासून शेळ्यांच्या गोठ्याचं फाटक बांधतेय. काल संध्याकाळी आमचा कुत्रा बादशा शेळ्यांवर धावून गेला आणि बिचकलेल्या शेळ्यांनी फाटक बिजागरीसकट आडवं केलं. हातात पक्कड आहे आणि डोक्यात बेलिफअण्णा. उद्या तेरखेड्याहून टेम्पो येणार आहे, बादशाला न्यायला.

अण्णा धाराशिवच्या कोर्टात बेलिफ होते. दारोदार समन्स बजावायचं काम. निवृत्त होऊन आमच्या वस्तीशेजारी राहायला आले, पण कुणाच्या घरात टेकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. फाटकाबाहेर थांबायचे, दोनदा खाकरायचे आणि अंग तिरकं करून भलतीकडेच बघत बोलायचे. चहा दिला तर तो फाटकाबाहेर, उभ्यानं. "ज्याच्या घरी बसून चहा घेतला, त्याला समन्स देताना हात जड हुतो, ताई," म्हणायचे. नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही. दारादारांतल्या कुत्र्यांशी त्यांची ओळख त्या नोकरीतलीच. दोन्ही पोटऱ्यांवर दातांच्या खुणा होत्या.

बादशा आमच्या मुलानं पुण्याहून आणलेला. शिकवायला सोलापूरला ठेवला, तिथून प्रमाणपत्र घेऊन आला. तिथल्या मैदानावर 'बैस' म्हटलं की बसायचा, 'थांब' म्हटलं की थांबायचा. घरी आला आणि महिन्याभरात सगळं धुऊन गेलं. संध्याकाळी शेळ्या रानातून परतल्या की हा त्यांच्या मागे. एक गाभण शेळी पळून पळून गाभडली, तेव्हा ह्यांनी ठरवून टाकलं. शेळ्यांवर आमचं घर चालतं. माझ्या नणंदेचे यजमान, तेरखेड्याचे दाजी, यांचं फटाक्यांचं गोदाम आहे. "दिवाळीपर्यंत बघू," हे म्हणाले, "न्हायतर दाजींकडं साखळीला." वरातीतल्या एका बारानं बादशा दिवसभर खाटेखाली थरथरत बसतो. फटाक्यांच्या गावात त्याचं काय होईल हे सगळ्यांना कळत होतं. ह्यांनासुद्धा.

मी अण्णांना बोलावलं आणि प्रमाणपत्र दाखवलं.

"हे त्याला वाचता येतं का?"

"नाही."

"मग घडी घाला." मग तिरके उभे राहून म्हणाले, "कुत्रं विसरत न्हाय, ताई. जागा बदलली की त्याला धडा नवा वाटतो. मैदानातलं बसणं मैदानातच ऱ्हायलं."

संध्याकाळभर ते फाटकाबाहेरून नुसते बघत राहिले. आमच्या सासूबाईंचा नेम आहे, पहिली भाकरी कुत्र्याला. भाकरी व्हायची आणि शेळ्या परतायच्या ती वेळ एकच. बादशा भुंकत सुटला की त्याला गप करायला सासूबाई उंबऱ्यातून 'यू यू' करून भाकरी फेकायच्या. शेळ्यांमागे धावलं की भाकरी मिळते, एवढं तो आमच्याकडे पक्कं शिकला होता. मी म्हटलं, ही भाकरी बंदच करते.

"आजींचा नेम मोडू नका. नेम त्योच, जागा दुसरी."

भाकरी गोठ्याजवळच्या दगडापाशी द्यायची, शेळ्या आत गेल्यावर, आणि बादशा बसलेला असेल तरच. कुत्रं लवकर शिकलं. सासूबाईंना वेळ लागला. तो जरा कुंईकुंई करायचा की त्यांचा हात सैल.

"ह्या वयात मला शाळंत घातलं ह्या बेलिफानं," त्या म्हणायच्या.

"आजी, तुम्ही हुशार हायसा, पण लई दयाळू. दयाळू माणूस ह्या शाळंत नापास हुतंय."

दगडापाशी जमल्यावर मला वाटलं, सुटले. अण्णा म्हणाले, "इथं झालं, आता तिथं." मग विहिरीवर, मग रस्त्यावर, मग एसटीच्या थांब्यावर, मग तुळजापूरला निघालेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत. धारा काढायच्या पडलेल्या आणि मी भर उन्हात कुत्र्याला 'बैस' म्हणतेय.

"अण्णा, एका ठिकाणी जरा दम धरा की."

"दम धरला की त्येचं सोलापूर हुतं."

दसऱ्यानंतर अण्णा पडले, खुबा मोडला. लेक त्यांना लातूरला घेऊन गेली. गाडीत आडवे पडूनही त्यांची बोटं सीटवर चालत होती. "माझ्यासमोर सगळं करतंय ते," मला म्हणाले. "म्हंजे मीबी एक सोलापूरच." तेव्हा मला ते निव्वळ बोलणं वाटलं.

दिवाळी गेली. बादशा रोज फाटकाकडे कान लावून बसायचा. खाकरणं ऐकू येईना तसं 'बैस' म्हटल्यावर त्याचं बसणंही कमी झालं, आणि काल तो शेळ्यांवर गेला. ह्यांनी लगेच दाजींना फोन लावला. मी आज दुपारी, तार पिळता पिळता, लातूरला लावला. तब्येत विचारायच्या आत अण्णांनीच विचारलं.

"काल शेळ्या येताना फाटकाशी कोण हुतं?"

"मी."

"आन् दसऱ्याआधी?"

"तुम्ही."

"मग कुत्र्याचं काय चुकलं? त्याला धडा नवा झाला. आता तुमी उभं ऱ्हावा. खाकरू मात्र नका."

पलीकडून लेकीचा आवाज आला, "अण्णा, पाय हलवू नका."

ह्यांना सांगितलं, टेम्पो येऊ द्या. उद्या शेळ्या बाहेर काढताना बादशा बसला नाही, तर मीच त्याला टेम्पोत चढवते.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी दाजी टेम्पो लावून फाटकाशी उभे राहिले. सासूबाई भाकरी घेऊन दगडापाशी होत्या. मी अण्णांच्या जागेवर उभी राहिले आणि ह्यांनी शेळ्या सोडल्या. बादशा उठला. मी "बैस" म्हटलं. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बूड टेकवलं, उचललं, शेळी अंगावरून गेली तसं पुन्हा टेकवलं. सासूबाईंचा हात एकदा पुढे आला आणि त्यांनीच तो मागे घेतला. शेवटची शेळी बाहेर पडल्यावर भाकरी दिली.

"एकदा बसलं म्हणून काय झालं?" दाजी म्हणाले.

"इथं झालं," मी म्हटलं.

 हे बादशाऐवजी टेम्पोत कडबा भरायला लागले. माझा चहा मी फाटकाबाहेर उभ्यानंच घेतला आणि बादशाला घेऊन विहिरीकडे निघाले.