दुसऱ्यांदा लावलेली नळी

अगो सुमे, नीट बस नि शेवटपर्यंत वाच. माझं लिहिणं तू नेहमी अर्ध्यावर सोडतेस. काल गुडघा दाखवून आले, तर दवाखान्यातून मोबाईलवर निरोप आला: सेवा कशी वाटली, तारे द्या. बोट तिथंच अडलं, नि मला आपले मांडवीचे जुने डॉक्टर आठवले.

तू तीन वर्षांची होतीस, तापानं फणफणलेली. डॉक्टरांनी घाईघाईत तपासलं. घरून नेलेल्या बाटलीत कंपाउंडरनं गुलाबी औषध भरलं, वर डोसाची कागदी पट्टी चिकटवली. पण श्वासागणिक तुझ्या बरगड्या आत खेचल्या जात होत्या. मी बाकावरून उठेचना.

"वहिनी, घरी जा हो, लोक खोळंबलेत," डॉक्टर करवादले.

"हिची छाती परत बघा, मग जाते."

त्यांनी परत नळी लावली आणि त्यांचा चेहराच उतरला. सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलं माझं." भरला दवाखाना तसाच टाकून, तुला उचलून ते स्वतः रिक्षानं मोठ्या इस्पितळात आले.

तू वाचलीस. मी मात्र आळीभर सांगत सुटले, यांना काही कळत नाही म्हणून. लोकांनी ऐकलंही, दुसरीकडे जाऊ लागले. आता वाटतं, चारचौघांत असं कबूल करणारा डॉक्टर मला पुन्हा भेटला कुठे?

कालपासून जीव थाऱ्यावर नाही. ते आता थकलेत, घरीच असतात. आज दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. एकटीला धीर होत नाही गो. या रविवारी ये, तू बरोबर हवीस.