सव्वीस रांगोळ्या आणि एक उंबरा

माझ्या नणंदेला बघायला धारवाडची मंडळी आली, ती आमच्या न्हाणीतून. हे माझ्यामुळं झालं.

मी चिपळूणकडची, सातवीत शाळा सुटलेली. लग्न होऊन धारवाडजवळ उणकलला आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अव्वांनी, दूधवाल्याशी बोलण्यापासून सगळं शिकवलं. त्यामुळं त्यांचं मन मोडायची मला फार धास्ती. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "दारात चुक्कीची रांगोळी घाल. ठिपक्यांचा त्रिकोण मांड, आणि एकच रेघ एका ठिपक्यावरून शेजारच्या ठिपक्यावर अशी सगळ्या ठिपक्यांवर एकेकदा फिरून परत येऊ दे. रेघ तुटली तर सोयरीक तुटते."

तीन ओळींचा त्रिकोण मांडला. रेघ एकाच तऱ्हेनं बसली. चार ओळींना मात्र तीन तऱ्हा निघाल्या! अव्वांना यातली कुठली आवडेल? (विचारायचं धाडस नव्हतं.) तिन्ही काढल्या. मग वाटलं, पाच ओळींची जास्त शोभेल, आणि तिथून माझा हात माझा राहिला नाही. ठिपके तेच पंधरा, पण रेघ दरवेळी नवीच वाट धरी. नणंद सुमा बी.एस्सी. झालेली, ती इरकल साडी नेसून, काढलेली पुन्हा निघू नये म्हणून उंबऱ्यावरून राखण करत होती. "ही झालीय वैनी, तुळशीपाशी बघा." सव्विसावीनंतर नवी निघेना. दोघी गाभाऱ्यापुढं उभं राहावं तशा उभ्या राहिलो. एवढ्याशा ठिपक्यांत एवढं साठलेलं असतं, आणि आपण रोज त्यावरून पाय टाकून जातो!

पाय. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली.

उंबऱ्यापासून मागं सरकत सरकत मी फाटकाला टेकले होते. मधे बोटभर जागा कोरी नव्हती. अशा दिवशी रांगोळी तुडवायची नाही, आणि पुसायची तर मुळीच नाही. "अय्यो शिवने," अव्वा आतून म्हणाल्या, "त्यांनी काय उडत यायचं?"

शेवटी मीच पाहुण्यांना घरामागं नेलं आणि बंबाशेजारून, ओल्या पंच्यांखालून, न्हाणीतून स्वयंपाकघरात आणलं. तिथं आमचे हे गाड्यावरून आणलेली मिरची भजी कागदातून ताटात रचत होते. ती सुमाच्या हातची म्हणून पुढं यायची होती.

मुलाच्या आईंनी भजी बघितली, कागद बघितला. संपलं, अव्वांच्या उपकारांची मी अशी फेड केली, असं मला वाटलं. त्या तशाच पुढं गेल्या आणि उंबऱ्यावर बसून अंगण बघत राहिल्या.

"एकीसारखी दुसरी नाही?"

"नाही," सुमा म्हणाली. "पाच ओळींच्या सव्वीसच होतात. सहा ओळींच्या किती, ते उणकलच्या तळ्याएवढं अंगण मिळालं तर सांगेन."

त्या अव्वांकडं वळल्या. "सून काढत बसते, लेक मोजत बसते. या घरात भांडायला वेळ कुणाला मिळतो, अक्का?"

सोयरीक जुळली.

लग्नात अव्वांनी रांगोळीचा डबा माझ्या हाती लागू दिला नाही. मोठ्या प्रेमानं मला विडे लावायला बसवलं. विडा एकाच तऱ्हेनं लावता येतो, असा बिचाऱ्यांचा समज होता.