मी वाचलेला रिपोर्ट

"वाकायला काय जातंय, साहेब?" असं म्हणत ते खाली पडलेली प्रत्येक वस्तू उचलायचे. कागदाची कातरण, रबर, कुणाच्या डब्याचं झाकण. माझं पेन पडलं की मी खुर्चीतून हलायच्या आत ते टेबलाखाली गेलेले असत.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छापखान्यात ते बाइंडिंगला होते आणि मी सुपरवायझर. सगळे त्यांना मामा म्हणत. असा एक माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. कागदाची रिमं ते पोटाशी धरून, झोपलेलं मूल उचलावं तशी उचलायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. गणपतीत दिंडोशीच्या चाळीत एका पायात घुंगरू बांधून जाखडी नाचायचे, तेव्हा पंचविशीतली पोरं धापा टाकत बाजूला व्हायची. "काय रे, वाट लागली ना?" मामा नाचता नाचता विचारायचे.

एका सोमवारी रिम उचलताना त्यांची कंबर धरली. डॉक्टरांकडे मीच नेलं. डॉक्टरांनी मामांचे पाय उचलून पाहिले, मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, ते विचारलं. मग म्हणाले, "एमआरआय आत्ता नको. झोपून राहू नका, जमेल तसं चाला. काही आठवड्यांत उतरेल. पायातली ताकद कमी वाटली तर मात्र लगेच या."

मला ती टाळाटाळ वाटली. "साधा माणूस बघितला की असंच करतात," मी रिक्षात मामांना म्हणालोसुद्धा. चौथ्या दिवशी ओळखीच्या सेंटरमध्ये त्यांचा एमआरआय करवून घेतला.

रिपोर्ट इंग्रजीत होता. "तुम्हीच वाचा, साहेब," मामा म्हणाले. मी सगळ्या खात्यासमोर, मोठ्यानं, मराठी करत वाचला. मणके झिजलेत. दोन गाद्या बाहेर आल्यात. खालची सुकलीय.

"मामा, तुमचं तर आतून भंगार झालंय," कटिंग मशीनवाला म्हणाला. सगळे हसले. मामांनी हळूच भिंत धरली.

दुखणं महिन्याभरात उतरलं. पण मामा वाकेनात. कमरेला पट्टा बांधून ताठ उभे राहत. रिमं दुसरे उचलू लागले. गणपतीत ते खुर्चीत बसून जाखडी बघत होते. त्यांचं घुंगरू पुतण्याच्या पायात होतं. पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. कुणी काढलं नव्हतं.

मग माझी कंबर धरली. त्याच डॉक्टरांकडे मी एमआरआयचा हट्ट धरला. ते म्हणाले, "आपल्या वयात कंबर न दुखणाऱ्यांच्याही फोटोत झीज दिसते हो. केस पिकतात तसंच ते." पाचव्या आठवड्यात मी बरा झालो.

त्या रविवारी दिंडोशीला गेलो. मामांचं कायमचं गावी जायचं ठरलं होतं. बोचकी बायको बांधत होती, ते खुर्चीत बसले होते. डॉक्टर बोलले ते सगळं मी सांगितलं. तेव्हा घाई मी केली, माझं चुकलं, असंही म्हणालो.

मामांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"असेल, साहेब. पण फोटोत दिसलं ना. तुम्हीच वाचलंत."

मी निघालो तेव्हा त्यांच्या मांडीवरून चष्मा घसरून खाली पडला. ते जमिनीकडे बघत राहिले. बायको आत गेली होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा उचला ना."

मी वाकलो. कुठेच दुखलं नाही.