साडूंची चिलटं आणि साखरआंब्याच्या बरण्या

अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस, संध्याकाळ. चिलटं ऐंशी, नर चाळीस नि माद्या चाळीस, सगळी निपचित. मोजताना हजर तिघं: मी, माझी बायको आणि माझे साडू. चिलटांच्या आईनंही केली नसेल इतकी त्यांची काळजी हे साडू करतात.

अवसरीच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात. यांनी बरणीत केळं कुस्करून चिलटं पाळली. रोज दुपारी बरणी वीस मिनिटं पत्र्याखाली तापवायची, मग सावलीत आणायची, जी उठतील त्यांचाच वंश पुढं चालवायचा. अशा अठ्ठावीस पिढ्या झाल्या. ऊन सोसायला नर आधी शिकतो की मादी, एवढंच त्यांना पाहायचं आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबीवर चिलट बसलं तरी हाकलण्याआधी वाकून बघतात. "शेपटाकडं काळं हाय. नर," असं शेजाऱ्याला सांगून मग जेवतात.

त्या दिवशी घोडेगावला कचेरीत काम होतं, म्हणून आपली एकुलती एक बरणी तोंडाला फडक्याचा दादरा बांधून त्यांनी जुन्नरला आमच्या स्वयंपाकघरात ठेवली. बायकोनं नेमका त्याच दिवशी साखरआंबा घातला होता, त्याही बरण्यांना दादरे. तिनं सगळ्या उचलून गच्चीवर उन्हात मांडल्या. मीच मोजून दिल्या, पाच. साखरआंबा चारच बरण्या होता, हे मला दुपारी तीनला आठवलं.

साडू आले, बरणी पाहिली. पांढऱ्या कागदावर चिलटं ओतली, पिसानं नर-माद्या वेगळ्या केल्या, वर काचेचे वाडगे पालथे घातले आणि चष्मा पुसत बसले. दीड वर्षाची मेहनत आमच्या गच्चीवर भाजली होती.

अर्ध्या तासानं एक पाय हलला.

"मादी," साडू म्हणाले. "ही बी मादीच." थोड्या वेळानं म्हणाले, "बाया उठल्या, बाप्ये अजून पडल्यात."

"दाजी, आमच्याकडं रोज सकाळी असंच असतं," बायको म्हणाली.

साडू हसले, तेव्हा कुठं मी पाणी प्यायलो.

शेवटी सव्वीस माद्या नि नऊ नर उठले. "पर उठला म्हंजी सावरला असं न्हाई, पावणं. उन्हानं नराचं बीज जातं. अळ्या दिसल्या तरच खरं." न उठलेली पंचेचाळीस त्यांनी पुडीत बांधून खिशात ठेवली. "यांची बी नोंद लागती," एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी फोन आला. "लई न्हाईत, पर अळ्या हायती."

भरपाई म्हणून आम्ही शेवटी दिलं ते असं: चिलटांना दोन पिकली केळी, साडूंना साखरआंब्याची एक बरणी, ओळखू यावी म्हणून लाल दादऱ्याची. बरणी अजून परत आलेली नाही. तिच्यात एकोणतिसावी पिढी नांदते आहे, असं कळतं.