सातिल्मिश एफेंदींनी न घेतलेला चहा

सातिल्मिश एफेंदी आमच्या शाळेचे शिपाई होते. घंटा, बॉयलर, अंगणातला बर्फ आणि शिक्षकांच्या खोलीतला चहा, हे त्यांचं राज्य. बुटके, डाव्या पायाने किंचित लंगडणारे. घंटेपेक्षा त्यांच्या खोकल्याला मुलं जास्त घाबरायची. त्यांच्याआधीची चार भावंडं दगावली होती, म्हणून पाचवं तरी जगावं यासाठी आईबापांनी त्यांना पिराच्या पायाशी विकलं. त्यावरून नाव पडलं सातिल्मिश, म्हणजे तुर्की भाषेत विकलेला.

"मला विकून बापाला काय मिळालं ते अजून कळलं नाही, बाई," ते म्हणायचे. "सरकारने मात्र फुकटात घेतलं."

शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत ते, त्यांची बायको आणि मुलगी गुलिझार राहायची. गुलिझार माझ्याच वर्गात होती. अक्षर वाकडंतिकडं, पण निबंध असा लिहायची की मी तो घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवायची. मुलगी शिक्षिका व्हावी एवढीच सातिल्मिश एफेंदींची इच्छा होती. अमास्या शहराच्या बाजूच्या आमच्या त्या पट्ट्यात वरच्या वर्गांची शाळा एकच होती, आमची.

कुणाला चहात किती साखर लागते हे त्यांना पाठ होतं. रमजानात त्यांना आणखी एक गोष्ट कळायची, कोण चहा घेत नाही ते. आम्ही चौघं शिक्षक घेत नसू. मी कधी डोकं झाकलं नाही. प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत मुलांना घेऊन मीच पुढे असायची, आणि रमजानात माझ्या आईसारखे रोजे धरायची. यात काही जुळत नाही असं मला वाटलंच नव्हतं. १९९८च्या जानेवारीत ते वाटायला लावलं गेलं. आदल्या वर्षी सेनापतींनी धर्माकडे झुकलेल्या सरकारला दटावलं होतं, ते सरकार गेलं होतं, आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून धर्मवेडे हुडकणं चाललं होतं. आमच्याकडे हुडकायची रीत सोपी होती. भर रमजानात निरीक्षक यायचे, सभा बोलवायचे आणि सगळ्यांना चहा सांगायचे.

त्या सकाळी सातिल्मिश एफेंदी माझ्या वर्गाच्या दाराशी आले.

"बाई, आज तो साहेब येतोय. चहा होणार."

"मी सांगेन, पोट बरं नाही."

"चार जणांची पोटं एकदम बिघडली तर तो डॉक्टर नाही बोलावणार. चौकशी लावेल. तुम्ही फक्त पेल्याकडे बघू नका. बाकीचं माझ्यावर सोडा."

सभेच्या वेळी आमच्या चौघांपुढे त्यांनी तळाशी दोन घोट उरलेले पेले ठेवले. चमचा ओला, लिंबाची फोड पिळलेली. बाकीच्यांचे पेले भरलेले. कुणालाही वाटावं, यांचा पिऊन झाला. पण ते दोन घोट सकाळच्या किटलीतले होते, आणि बाहेर गुडघाभर बर्फ होता. निरीक्षक माझ्या शेजारी बसले. फाईल ठेवायला त्यांनी माझा पेला बाजूला सरकवला आणि हात तसाच ठेवला.

"उकळता चहा आत्ताच संपवलात, आणि पेला बर्फासारखा? बाई, हा चहा तुम्ही प्यायलात?"

मी म्हणाले, "हा पेला शिपायाने आणून ठेवला."

वाक्य खरं होतं. जन्मभर मुलांना मी खरं बोलायला शिकवलं, आणि खरं बोलून माणूस कसा बुडवता येतो ते त्या दिवशी स्वतः करून दाखवलं.

सातिल्मिश एफेंदींना आत बोलावलं.

"हे काय आहे?"

"उष्टे पेले राहिले, साहेब. धुवायचे विसरलो."

"चारच? बरोबर याच चौघांपुढे? कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"तुझा रोजा आहे?"

निरीक्षकांनी स्वतःचा भरलेला पेला त्यांच्याकडे सरकवला. "नसेल तर हा घे. पी."

त्यांनी तो घोट घेतला असता तर धर्मवेडा हा शब्द त्यांना चिकटलाच नसता. आणि त्यांचा रोजा नव्हता. अर्ध्या तासापूर्वीच मी त्यांना बॉयलरच्या खोलीत चहात पाव बुडवून खाताना पाहिलं होतं. ते अलेवी पंथाचे होते. अलेवी लोक रमजानचे रोजे धरत नाहीत, त्यांचे उपास मोहरमचे. एका मोहरमात बारा दिवस त्यांनी साधं पाणी तोंडाला लावलं नव्हतं, संध्याकाळी ताक-चहावर भागवलं होतं. शाळेत ते माझ्या एकटीच्या लक्षात आलं, तेव्हा म्हणाले होते, "बाई, हे तुमच्याजवळच राहू द्या." सिवास शहरात कट्टर जमावाने हॉटेल पेटवून त्यांची माणसं जाळली त्याला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. आमच्या गावात आपण अलेवी आहोत असं कुणी मोठ्याने सांगत नसे.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. आमच्याकडे नाही पाहिलं.

"नको, साहेब."

"का?"

"नको."

अहवालात लिहिलं गेलं की धर्मवेड्या शिपायाने स्वतःच्या मनाने सभेची दिशाभूल केली; आमची चौघांची नावं त्यात आली नाहीत. हजर असलेल्यांत ज्येष्ठ शिक्षिका मी, म्हणून खाली सही माझी हवी होती. मुख्याध्यापकांनी पेन पुढे केलं. हा माणूस रमजानचे रोजे धरतच नाही, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. मी मनाला समजावलं, की तसं सांगणं म्हणजे त्यांचं गुपित फोडणं. खरी भीती वेगळी होती. मग त्याने हे कुणासाठी केलं, असा पुढचा प्रश्न आला असता. मी सही केली. नेहमीसारखी, वळणदार.

आठवड्याभरात त्यांची बदली झाली, डोंगरापलीकडच्या वस्तीशाळेत. तिथे पाचवीपुढे वर्ग नव्हते. गुलिझारला गावात ठेवायचं तर मुलींची वसतिगृहं होती ती धार्मिक मंडळींची, आणि तिथे ते तिला कसे ठेवणार? माझ्या घरात एक खोली रिकामी होती. मी ती देऊ केली नाही. शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिला. त्यांनी तो दुमडून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "येतो बाई. तब्येतीला जपा."

पुढे वारं फिरलं. शिक्षकांच्या खोलीत रमजानात किटली चढेनाशी झाली, आणि ज्यांचा रोजा नाही ते दार लावून पाणी पिऊ लागले. मी निवृत्त झाले होते. त्या दिवसांत ज्यांना धर्मापायी शिक्षा झाली, त्यांच्याकडून सरकारने भरपाईसाठी अर्ज मागवल्याचं कळलं. मी तो अर्ज घेऊन सातिल्मिश एफेंदींच्या मूळ गावी गेले. मोहरम नुकताच आटोपला होता आणि घरात गहू, हरभरे, अंजीर घातलेली खीर होती.

सातिल्मिश एफेंदींनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. "यात काय लिहायचं?"

"रोजा धरल्याबद्दल शिक्षा झाली, असं. मी साक्ष देईन."

ते खोकला येईपर्यंत हसले. "तेव्हा रोजा धरला म्हणून घालवलं, आता रोजा धरला म्हणून शाबासकी! अहो, मी एकदाही धरला नाही की हो!"

"मग खरं काय ते लिहा."

"त्याला यात रकाना कुठाय?"

मी विचारलं, "तो चहा तुम्ही का नाही घेतलात?"

"समोर तुम्ही चौघं उपाशी. आणि तो 'पी' म्हणाला, ते कुत्र्याला म्हणावं तसं." त्यांनी खांदे उडवले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

गुलिझार खिरीचे दोन वाडगे घेऊन आली. आता तिशीला टेकलेली, दोन मुलांची आई. हातांना कांद्याचा वास. "बाई, बाबा नेहमी सांगतात," ती म्हणाली, "माझी शाळा सुटू नये म्हणून तुम्ही साहेबांशी किती भांडलात ते."

मी सातिल्मिश एफेंदींकडे पाहिलं. ते वाडग्यात चमचा फिरवत होते.

"मी भांडले नाही, गुलिझार," मी म्हणाले. "त्या कागदाखाली सही माझीच होती."

"कशाला बोललात?" ते एकदम चिडले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "पंधरा वर्षं सांभाळलं होतं मी! शाळेबद्दल तरी हिच्या मनात काही चांगलं राहावं म्हणून."

गुलिझारने माझा वाडगा पुढे सरकवला. मग म्हणाली, "खा बाई, गार होईल," आणि आत गेली. आतून बराच वेळ नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी सगळी खीर संपवली. ती निरोप द्यायला बाहेर आली नाही.

सातिल्मिश एफेंदी लंगडत मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. यंदा थंडी लवकर पडणार, अक्रोड बरा आलाय, असं काहीबाही बोलत राहिले. बस येईपर्यंत मीही हवेबद्दलच बोलले.